लिफ्टमावशीच्या नावाची चोरी

लिफ्टमावशीला दोन आवाज होते. एक गावासाठी, एक घरासाठी. गावासाठीचा आवाज इतका गोड, की उंच इमारतीतल्या लिफ्टमध्ये तो 'दरवाजा बंद होत आहे' म्हणाला की माणसं उगाचच 'बरं' म्हणत. पार्किंगच्या फाटकावर तिकीट घ्यायला सांगणारी तीच, बँकेत टोकनाचा आकडा पुकारणारी तीच, दातांच्या दवाखान्याच्या फोनवर 'आपण रांगेत आहात' म्हणून दिलासा देणारीही तीच. घरासाठीचा आवाज मात्र वेगळा. तो लागला की खालच्या मजल्यावरचे लोक आपापल्या घरातले दिवे बंद करत, कारण 'दिवे काय तुमचा काका येऊन बंद करणार?' हा प्रश्न नेमका कुणाला आहे ते कळायला मार्ग नसे.

या गोड आवाजाचा कारखाना म्हणजे बेडरूममधलं कपड्यांचं कपाट. बाहेरचा आवाज आत येऊ नये आणि आतला घुमू नये म्हणून ती नवऱ्याच्या कोटांच्या मधोमध एका बुटक्या स्टुलावर बसायची, हँगरला माइक टांगायची आणि दार ओढून घ्यायची. त्याआधी घराला तंबी मिळे. फ्रिज बंद, पंखा बंद, नवऱ्यानं पायमोज्यांतच चालायचं. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि स्वभाव अबोल, त्यामुळे त्याला ही शिस्त जड जात नसे. फक्त फ्रिज पुन्हा चालू करायचं दोघंही विसरत आणि दूध नासे. आत ती हिरव्या सफरचंदाची फोड चघळायची, म्हणजे बोलताना तोंडाचा चिकट आवाज येत नाही, आणि मग एकेक आकडा तीन चालींत म्हणायची. सुरुवातीला येणारा सात वेगळा, मधला वेगळा, शेवटचा वेगळा. यंत्राला हवा तो उचलता यावा म्हणून. तिच्या मते मधला सात सगळ्यांत अवघड. तो चढतही नाही, उतरतही नाही, नुसता लोंबकळतो.

'लिफ्टमावशी' हे नाव इमारतीतल्या पोरांनी पाडलेलं. पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा तिनं पोरांना पार जिन्याखालपर्यंत पिटाळलं. पण रागाच्या भरात स्वतःच ते नाव चार ठिकाणी सांगितलं, लोकांना आवडलं, आणि बघता बघता तिलाही आवडायला लागलं. पुढे इंटरनेटवरच्या नावांची नोंदणी करणाऱ्या एका कंपनीनं आपल्या मदत-लाइनीची सगळी वाक्यं तिच्याकडून बोलून घेतली, तेव्हा मोबदल्यावर भेट म्हणून 'लिफ्टमावशी' हे नाव तिला नोंदवून दिलं. डोमेन म्हणतात ते. जगात कुणीही ते टाइप केलं की तिचं पान उघडायचं. त्यावर तिच्या आवाजाचे नमुने, तिचा फोन, वाढदिवस, त्याच नावाचा ईमेल. सगळं काम त्या वाटेनं येई. नवऱ्याला तर या नावाचा एवढा अभिमान, की दुकानात गिऱ्हाइकाची नजर तपासताना तो अक्षरांच्या तक्त्याऐवजी लॅपटॉपवर तिचं पान उघडून 'हे काय लिहिलंय, वाचा' म्हणायचा.

आणि एके सकाळी एका गिऱ्हाइकानं भलतंच काही वाचलं. "आठवड्यात पोट सपाट," गिऱ्हाईक म्हणालं. नवऱ्यानं आधी चष्म्याची काच बदलली. मग स्वतः वाकून वाचलं आणि दुकान उघडं टाकून घरी धावला.

तो पोचेपर्यंत घरी फोन आलाच होता. गावात नवं मोठं हॉस्पिटल उभं राहत होतं आणि तिथल्या मोठ्या सिस्टरनी मावशीचा आवाज जवळजवळ पक्का केला होता. वॉर्डांत, लिफ्टमध्ये, ऑपरेशनच्या दाराबाहेर बसून राहणाऱ्या नातेवाइकांसाठी, सगळीकडे तीच बोलणार होती. आजवर तिनं गाड्यांना मागे घ्यायला सांगितलं होतं आणि टोकनं पुकारली होती. घाबरलेल्या माणसाला धीर द्यायला तिला कुणी कधी बोलावलं नव्हतं. हे काम तिला हवं होतं, इतकं की त्याबद्दल ती घरातसुद्धा हळू आवाजात बोलायची.

"बाई, तुमच्या पानावर गोळ्यांच्या जाहिराती आहेत, जुगाराच्या आहेत," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "असल्या नावाचा आवाज मी रुग्णांच्या कानावर घालू कशी? उद्घाटनाआधी समितीची शेवटची बैठक आहे, तोपर्यंत थांबते. तेव्हाही हेच दिसलं तर आम्ही यंत्राचा आवाज घेऊ."

मावशीनं तडक नोंदणी कंपनीला फोन लावला. पलीकडून मधाळ आवाज आला: "नमस्कार. आपलं नाव, आमची जबाबदारी."

"जबाबदारी कसली, डोंबल! माझं नाव कुठंय?"

"आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे."

"मग उचला की!"

"आपण थोडा वेळ वाट पाहिल्याबद्दल आम्ही आभारी आहोत."

"गप बस, बये! किती गोड बोलशील?"

स्वयंपाकघरात नवऱ्याला वाटलं, ही आपल्या धाकट्या बहिणीशी भांडतेय. तो चहा घेऊन आला तर ही फोन हातभर लांब धरून त्याच्याकडे लाल डोळ्यांनी बघत होती. "अहो, ही मीच आहे," ती म्हणाली. "मला मीच आत जाऊ देत नाहीये." चहा निवला, दुसरा झाला, तोही निवला, तेव्हा कुठं एक कारकून लाइनीवर आला. त्यानं तिचं गाऱ्हाणं ऐकून घेतलं आणि अगदी प्रेमानं सांगितलं, "पण बाई, ईमेल बदलायचा फोन तुम्हीच तर केला होता. मीच घेतला की तो. रेकॉर्डिंग आहे आमच्याकडे."

त्यानंतर जे घडलं ते अशा गोष्टींत घडतं तसंच. ईमेल बदलला की नवा पासवर्ड त्याच ईमेलवर जातो, पासवर्ड हाती आला की मालकाच्या जागी हवं ते नाव घालता येतं. नवा मालक खोट्या पत्त्याचा. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली आणि चोर बहुधा परदेशात असेल असं समाधान दिलं. कंपनीच्या साहेबांनी सरळ काखा वर केल्या. आम्ही फक्त नोंद ठेवणारे, नाव कुणाचं हे आम्ही कसं ठरवणार, करारातलं कलम वाचा, कुठल्याही नुकसानीला कंपनी जबाबदार नाही. असली कलमं लिहिणाऱ्यांना पगार मिळतो, हे मला अजून पटलेलं नाही.

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण घरासाठीचा आवाज कंपन्यांवर चालत नाही. त्या आवाजाला घाबरायला समोर माणूस लागतो. ती दोन दिवस कोटांच्या मधोमध कपाटात दार ओढून बसून राहिली, माइक न लावता. तिसऱ्या दिवशी नवऱ्यानं कपाटाच्या दारावर टकटक केली आणि आत न बघताच म्हणाला, "मी ताईला बोलावलंय."

ताई म्हणजे त्याची बहीण, मावशीची नणंद, पेशानं वकील. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे आणि एकमेकींसमोर घटकाभर पटतही नसे. नणंदेनं सगळं ऐकून घेतलं, बिस्किटं संपवली आणि म्हणाली, "वहिनी, चोराला शोधायला मी काही हेर नाही. पण चोराला दार कुणी उघडून दिलं ते आपल्याला माहीत आहे. त्याला धरू."

"पण ते कलम, वन्सं?"

"कलमं मीही लिहिते. घाबरू नकोस. आणि हे बघ, ग्राहक मंचासमोर तोंडाचा पट्टा सोडायचा नाही. मी बोलेन, तू गप्प बसशील."

"मी कधी बोलते?" मावशी इतक्या जोरात म्हणाली, की खालच्या मजल्यावर एक दिवा विझला.

ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारा मंच एका जुन्या सरकारी इमारतीत पाचव्या मजल्यावर बसायचा. लिफ्टमध्ये अर्थातच मावशीच होती. वर पंखे करकरत होते, बाकं तेलकट होती, आणि अध्यक्ष म्हणजे पांढऱ्या मिशांचे, सतत कसल्या तरी गोळ्या चघळणारे गृहस्थ होते. कंपनीचे वकील नव्या कोऱ्या सुटात. त्यांच्या मागे तो कारकून, मान खाली घालून. पोरंबाळं असलेला, घाबरट चेहऱ्याचा माणूस.

"आमच्याकडे भक्कम पुरावा आहे," कंपनीचे वकील म्हणाले. "या बाईंनी स्वतः फोन केला. ऐकाच."

रेकॉर्डिंग सुरू झालं.

"नमस्कार," मावशीचा आवाज म्हणाला. "मी. लिफ्टमावशी. बोलत आहे."

"ओहो, बोला ना बाई!" कारकुनाचा आवाज म्हणाला.

"कृपया. ईमेल. बदला."

"लगेच. तुमची जन्मतारीख सांगता?"

"टोकन क्रमांक. चार."

रेकॉर्डिंगमधला कारकून क्षणभर घुटमळला. "चार... बरं. आणि महिना?"

"तिसरा मजला."

"मार्च. बरोबर. नवा ईमेल?"

मावशीच्या आवाजानं एकेक अक्षर चढत्या-उतरत्या चालींत सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "धन्यवाद. दरवाजा बंद होत आहे."

मग कोपऱ्यातल्या टायपिस्टबाईंना राहवलं नाही. "साहेब, ते 'कृपया' पार्किंगमधलं आहे! मी रोज गाडी लावते तिथं!" मागच्या बाकावरचा एक म्हातारा, स्वतःच्या भलत्याच तक्रारीसाठी आलेला, उठून उभा राहिला आणि म्हणाला, "टोकन बँकेचं!" अध्यक्षांनी हातोडी उचलली, पण त्यांच्याही मिशा थरथरत होत्या. "तिसरा मजला तर आपल्याच लिफ्टमधला आहे," ते म्हणाले आणि रुमालात तोंड लपवून खोकल्यासारखं काहीतरी करू लागले. टायपिस्टबाई टेबलावर डोकं टेकून हसत होत्या. नणंदेनं मात्र मावशीचा हात घट्ट दाबून धरला होता, कारण मावशी हसत नव्हती. आपले शब्द असे हातपाय तोडून जोडलेले तिला ऐकवत नव्हते.

"हसण्यासारखं काही नाही," कंपनीचे वकील म्हणाले. "तुकडे असतील, जोडलेले असतील, पण आवाज यांचाच आहे ना? जी बाई स्वतःचा आवाज लिफ्टपासून दवाखान्यापर्यंत गावभर वाटते, तिनं उद्या तो कुणी उचलला म्हणून आमच्या नावानं बोटं मोडावीत, हा कुठला न्याय?"

नणंदेनं आपल्या भावाला साक्षीला उभं केलं. तो चष्मा पुसत पुढे आला.

"हा आवाज तुमच्या पत्नीचा आहे का?"

"आवाज तिचाच आहे," तो म्हणाला. नणंदेचे डोळे पांढरे झाले. मग तो सावकाश म्हणाला, "पण बोलणारी ती नव्हे."

"कशावरून?" कंपनीचे वकील झेपावले.

"ती 'कृपया' म्हणाली."

"मग?"

"आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, साहेब. बदला म्हणायचं तर ती नुसतं 'बदला' म्हणते. जोरात म्हणते. कृपया म्हणून तिनं मला मिठाची बरणीसुद्धा मागितलेली नाही."

या वेळी हातोडीनं काही उपयोग झाला नाही. म्हातारा बाकावर आडवा झाला, कंपनीच्या वकिलांचा शिपाई भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, आणि मावशी सगळ्यांसमोर ओरडली, "अहो, घरी चला, मग बघते तुमच्याकडे!"

"पाहा," नवरा अध्यक्षांना म्हणाला, "ही खरी."

अध्यक्ष पाणी प्यायले, त्यांनी डोळे पुसले आणि कारकुनाला पुढे बोलावलं. "तुम्हाला हे विचित्र वाटलं नाही? बाई तारखेला टोकन म्हणतात, महिन्याला मजला म्हणतात."

"वाटलं, साहेब," कारकून म्हणाला. "पण बाईंचा आवाज मी रोज दिवसभर ऐकतो ना, आमच्याच लाइनीवर. ओळखीचं माणूस वाटलं. घरच्यासारखं. परक्या बाईला मी शंभर प्रश्न विचारले असते. घरच्या माणसाला कसं विचारायचं, तू खरंच तूच का म्हणून?"

नणंद याच वाक्याची वाट बघत असावी. तिनं भर मंचासमोर आपला फोन काढला आणि कंपनीची मदत-लाइन लावली. पुन्हा तोच मधाळ आवाज खोलीभर पसरला. नणंदेनं दोन-तीन आकडे दाबले, आणि आवाज म्हणाला: "आपल्या नावाच्या सुरक्षिततेसाठी, कोणताही बदल करण्यापूर्वी आम्ही आपल्याला आपल्या नोंदलेल्या नंबरवर स्वतः फोन करू."

"केला होता फोन?" नणंदेनं विचारलं.

कारकुनानं मान हलवली. "रांग मोठी असते. साहेब म्हणाले होते, आवाज ओळखीचा असेल तर सोडून द्या."

कंपनीच्या वकिलांनी घाईनं गळ्याचा टाय सैल केला. "पण हे वचन कंपनीनं दिलेलं नाही! नीट ऐका. ते या बाईंनीच दिलेलं आहे, त्यांच्याच तोंडून!"

अध्यक्ष टेबलावरून पुढे वाकले. "म्हणजे," ते म्हणाले, "यांनी स्वतःच स्वतःला फोन करून विचारायला हवं होतं?"

"तसं नव्हे..."

"मग कसं?"

वकील कागद चाळू लागले. नणंद तेव्हा शांतपणे बोलली, आणि आपली नणंद इतकी हुशार आहे हे मावशीला पहिल्यांदा कळलं. ती म्हणाली, नाव ठेवून घेणं म्हणजे नुसती नोंद करणं नव्हे. मी शिंप्याकडे कोट टाकला आणि त्यानं तो तिऱ्हाइताच्या अंगावर चढवून दिला, तर 'आम्ही फक्त शिवतो' म्हणून त्याला हात झटकता येत नाहीत. चोरानं भिंत फोडली असती तर गोष्ट वेगळी होती. इथं कंपनीनं आपल्या हातानं, आपलाच नियम मोडून, नाव दुसऱ्याच्या हाती दिलं आहे.

अध्यक्षांनी निकाल दिला. परक्याच्या आगळिकीपासून वाचण्यासाठी लिहिलेलं कलम स्वतःच्या निष्काळजीपणावर पांघरूण घालायला वापरता येणार नाही. कंपनी जबाबदार आहे. नाव ताबडतोब परत करावं, आणि या वेळी तरी नियमाप्रमाणे, बाईंना त्यांच्या नंबरवर फोन करून, त्या त्याच आहेत याची खात्री पटल्यावरच. एवढं बोलून ते उठले आणि जाता जाता म्हणाले, "मी आज जिन्यानं उतरतो. लिफ्टमध्ये मला हसू आवरायचं नाही."

फोनची वाट बघत बघत हॉस्पिटलच्या शेवटच्या बैठकीचा दिवस उजाडला. बैठक दुपारी होती. नवरा दुकान बंद ठेवून मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता आणि पुन्हा पुन्हा तेच पान उघडत होता. प्रत्येक वेळी पोट सपाट. नणंद सोफ्यावर, एका हातात बिस्किट आणि दुसऱ्यात मोठ्या सिस्टरचा नंबर लावलेला फोन. मावशी घरभर येरझाऱ्या घालत होती, आणि मनाशी ठरवत होती की त्या कारकुनाला रागवायचं नाही. त्यानं मंचासमोर खरं सांगून स्वतःच्या साहेबांना तोंडघशी पाडलं होतं, आणि तरी नोकरी टिकली होती हे त्याचं नशीब. माणसानं माणसाशी बरं वागावं.

फोन वाजला. "बाई, मीच," कारकून म्हणाला. "खात्री करायला फोन केलाय."

मावशीचा ऊर भरून आला. इतक्या दिवसांचा ताण, ही धडधड, आणि पलीकडचा तो बिचारा कापरा आवाज. ती मऊ झाली. "भाऊ," ती म्हणाली, "कृपया माझं नाव मला परत द्या."

कारकून खचल्यासारखा म्हणाला, "माफ करा. मला देता येणार नाही."

"का?"

"तुम्ही कृपया म्हणालात."

सोफ्यावर नणंदेच्या हातातून बिस्किट पडलं. नवऱ्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"अहो, मी चांगलं वागायला गेले हो!"

"साक्षीत लिहिलंय, बाई. तुमच्या यजमानांनीच सांगितलंय, त्या कधी कृपया म्हणत नाहीत. एकदा चुकलोय मी. आता चुकलो तर घरी बसावं लागेल. तुम्ही कोण बोलताय, खरं सांगा."

"कोण बोलतेय?" मावशी म्हणाली, आणि तिचा आवाज एकेक पायरी चढू लागला. "मी कोण बोलतेय? अरे माझ्या नावावर पोटं सपाट करून ठेवलीत, मला माझ्याच आवाजात रांगेत उभं केलंत, टोकन चार म्हटलं तर ते घेतलंत, तिसरा मजला म्हटलं तर मार्च लिहिलात, अक्कल काय दळायला टाकली होती का रे? आणि आज मी जरा म्हणून माणसासारखी बोलते, तर तू माझीच झडती घेतोस? ऊठ! आत्ताच्या आत्ता ऊठ आणि माझं नाव टाक जागेवर, नाहीतर मी तिथं येऊन तुझ्या त्या खुर्चीत बसेन आणि उद्यापासून लोकांना तुझी लाइन अशी ऐकवेन ना, की..."

खालच्या मजल्यावरचे सगळे दिवे गेले. कुणीतरी दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"टाकतो, टाकतो!" कारकून ओरडत होता, आणि ओरडता ओरडता हसत होता, जीव भांड्यात पडलेल्या माणसासारखा. "टाकलं, बाई! पटलं! तुम्हीच आहात!"

नवऱ्यानं बटण दाबलं. पान उघडलं, आणि गोळ्या नव्हत्या, जुगार नव्हता. वर मोठ्या अक्षरांत 'लिफ्टमावशी'. तो लॅपटॉप डोक्यावर धरून पायमोज्यांतच गोल गोल नाचायला लागला. नणंद फोनवर किंचाळली, "सिस्टर, बघा, आत्ता बघा!" आणि पलीकडून मोठ्या सिस्टर म्हणाल्या की दिसतंय, छान दिसतंय, बाईंना उद्याच रेकॉर्डिंगला पाठवा, आणि पाठीमागे हे कोण इतकं ओरडत होतं?

मावशीला यातलं काही ऐकू गेलं नाही. ती फोन कानाला लावून खाली जमिनीवरच बसली होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"हॅलो? बाई?" कारकून घाबरून म्हणाला. "काही चुकलं का माझं?"

"नाही," ती म्हणाली. "ते परत म्हणा."

"काय?"

"आत्ता म्हणालात ते."

"तुम्हीच आहात, बाई," कारकून म्हणाला.